नगरसेवकांना गुण देणारे कुरणेमास्तर

कुरणेमास्तरांनी माझ्या निरूपणाला दहापैकी साडेसहा गुण दिले होते. कोपरखैरण्याच्या आमच्या वसाहतीतील मारुतीच्या देवळात चातुर्मासाचे चार महिने मी रोज सायंकाळी तासभर बोलत असे. समाप्तीच्या दिवशी श्रोते प्रसाद घेऊन, वाकून नमस्कार करून घरोघर गेले. मास्तर मात्र खांबाला टेकून शेवटपर्यंत थांबले आणि एक चिठोरे माझ्या हाती देऊन म्हणाले, "शास्त्रीबुवा, राग मानू नका. सवय आहे."

चिठोऱ्यावर लाल पेन्सिलीने साडेसहाचा आकडा होता, त्याखाली रेघ आणि रेघेखाली सही.

"साडेतीन गुण कुठे गेले?" मी विचारले.

"दीड पाल्हाळाचा. एक, मूळ प्रश्न सोडून भलत्याच कथेत शिरलात म्हणून. आणि एक मी कोणालाच देत नाही."

"कोणालाच?"

"तो पूर्णत्वाचा. तो तुमच्या देवाकरता राखून ठेवलाय."

या एका उत्तरासाठी मी त्यांना मनातल्या मनात नऊ गुण दिले आणि आमचा स्नेह जुळला. आता मास्तर नाहीत. अखेरचे काही महिने ते खारघरला मुलीकडे होते आणि तिथेच शांतपणे निवर्तले. त्यांच्यामागे त्यांच्या गणिताच्या अध्यापनाविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी या शहराच्या नगरसेवकांची जी परीक्षा घेतली तिच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. त्या परीक्षेत माझाही हात होता, म्हणून हे लिहीत आहे.

यशवंत दिगंबर कुरणे हे मूळचे साताऱ्याकडचे. तीस-पस्तीस वर्षे गणित शिकवून ते निवृत्त झाले. वर्गात शिकवणे हे त्यांच्या लेखी पोटापाण्याचे काम होते. खरा अभिमान होता तो शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासण्याचा. पुढे ते नियामक झाले, म्हणजे तपासणाऱ्यांना तपासणारे झाले, आणि त्या पदाचे तेज त्यांच्या चर्येवरून निवृत्तीनंतरही उतरले नाही. निवृत्त मनुष्याच्या हाताला काम नसले की तो हात फुलझाडांकडे वळतो, नाही तर जपमाळेकडे. मास्तरांचा हात लाल पेन्सिलीकडे गेला आणि समोर उत्तरपत्रिका नसल्यामुळे जगाकडे वळला. भाजीवाल्याची तोंडली, दवाखान्यातील डॉक्टरांचे अक्षर, सोसायटीच्या सूचनाफलकावरील शुद्धलेखन, शेजारच्या लग्नातील मंगलाष्टके, सर्वांना गुण मिळत. गुण मागावे लागत नसत.

याला अपवाद एकच होता, तो म्हणजे त्यांच्या पत्नी सुमनताई. एकदा मी त्यांच्याकडे उपमा खात असता सहज विचारले, "मास्तर उपम्याला किती देतात?"

सुमनताई म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या पोह्यांना सात दिले होते. त्यानंतर या घरात पोहे झाले नाहीत. चाळीस वर्षं उपमा खातायत. उपम्याचे गुण मी विचारले नाहीत, त्यांनी सांगितले नाहीत."

मास्तर खाली मान घालून उपमा खात राहिले.

परीक्षक या नात्याने त्यांची तीन व्रते होती आणि ती त्यांनी एकादशीच्या निष्ठेने पाळली. पहिले, गैरहजराला शून्य. कारण कोणतेही असो, आजार असो, सुतक असो, कोरी जागा ती कोरी जागा. दुसरे, कृपागुण नाहीत. एका गुणाने अनुत्तीर्ण होणारा मनुष्य अनुत्तीर्णच होय. दया करावयाची असेल तर ती परीक्षेबाहेर करावी. तिसरे व्रत सर्वांत कठोर होते. परीक्षकाने परीक्षार्थ्याचे तोंड पाहू नये. तोंड पाहिले की मन कलते, मन कलले की पेन्सिल कलते. ही तिन्ही व्रते पवित्र आहेत, असे मलाही तेव्हा वाटत असे.

एके दिवशी सकाळी ते वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आले. मी देवपूजेत होतो. नैवेद्य होईपर्यंत ते बाहेर येरझारा घालीत राहिले आणि मी उंबऱ्याबाहेर पाऊल ठेवताच म्हणाले, "शास्त्रीबुवा, परदेशात नागरिकांची मंडळं आपल्या प्रतिनिधींना गुण देतात. सभागृहात कोणी कोणत्या विषयावर काय मत दिलं ते पाहायचं. त्या विषयावर आपल्या मंडळाची भूमिका काय, ते आधी ठरलेलं असतं. मत भूमिकेशी जुळलं की गुण, नाही जुळलं की शून्य. शेवटी टक्के काढायचे. आहे काय त्यात? आदर्श उत्तर आधी लिहायचं आणि मग गठ्ठा तपासायचा. हे आपलंच काम आहे हो."

"पण आदर्श उत्तर कोण ठरवणार?"

"आपण," मास्तर म्हणाले. या शब्दापुढे त्यांना काही अडचण दिसली नाही. खरे सांगायचे तर मलाही दिसली नाही.

अशा रीतीने 'लोकपरीक्षा मंडळ' जन्मास आले. सभासद पाच, सर्व निवृत्त, सर्व रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. मास्तर अध्यक्ष. निवृत्त बँक अधिकारी गोगटे चिटणीस. मी प्रत्येक प्रगतिपुस्तकावर शेरा लिहावा, असे ठरले, कारण मला शब्द सुचतात अशी मास्तरांची समजूत होती. उरलेले दोघे चहाला येत.

माहितीच्या अधिकारात अर्ज करून शहराच्या सभागृहाची चालू कारकिर्दीतील इतिवृत्ते मिळवण्यात आली. इतिवृत्त म्हणजे सभेत काय झाले याचा अधिकृत वृत्तान्त, निदान सभा भरवणाऱ्यांचे तसे म्हणणे असते. त्यातून बारा विषय निवडण्यात आले. निवड कशी झाली हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गोगट्यांना पूर्वी एकदा कुत्रे चावले होते, म्हणून भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा विषय परीक्षेत आला. एका सभासदाच्या गुडघ्यांमुळे उद्यानातील बाकांचा विषय आला. मी ग्रंथालयाचा आग्रह धरला. गोगट्यांच्या सज्ज्यासमोर लागणाऱ्या वाहनांमुळे वाहनतळाच्या धोरणाचा विषय आला. अशा प्रकारे जनतेच्या जिव्हाळ्याचे बारा प्रश्न पाच म्हाताऱ्यांच्या तक्रारींतून निश्चित झाले आणि त्यांवर जनतेची भूमिका कोणती, हेही त्याच बैठकीत दुसरा चहा येण्यापूर्वी ठरले. अकरा विषयांवर आदर्श उत्तर होते 'मंजूर'.

बाराव्या विषयाचे उत्तर मात्र 'नामंजूर' असे होते आणि तो विषय खरोखरच गंभीर होता. भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून आमच्याकडे मोठे तलाव राखलेले आहेत. अशा एका तलावाच्या काठी एक मैदान आहे. आराखड्यात ते खेळासाठी आरक्षित होते. ते आरक्षण उठवून तिथे व्यापारी संकुल उभारू द्यावे, असा प्रस्ताव सभागृहापुढे आला होता. पहिली मंजुरी मिळाली होती. नागरिकांच्या हरकती मागवून तो अंतिम मंजुरीसाठी पुन्हा सभागृहापुढे यायचा होता. त्या मैदानावर आमच्या वसाहतीतील मुले खेळतात आणि शहर वसण्याआधीपासूनच्या शेजारच्या गावातील लोकांची लग्नेकार्येही तिथेच होतात. मास्तर म्हणाले, "या प्रश्नाला 'नामंजूर' लिहिणारा खरा हुशार विद्यार्थी."

उत्तरपत्रिका तपासायला मास्तरांना तीन आठवडे लागले. त्यांनी जेवणाच्या मेजावर ताव जोडून एक विराट तक्ता आखला. आडव्या ओळीत नगरसेवक, उभ्या रकान्यात विषय. इतिवृत्तात सर्व बारा विषयांपुढे एकच वाक्य होते, 'विषय सर्वानुमते मंजूर.' सर्वानुमते म्हणजे सर्व उपस्थितांच्या मते; त्यामुळे जो हजर त्याचे मत 'मंजूर' आणि जो गैरहजर त्याला शून्य, असे सोपे गणित बसले. मी म्हटले, "मास्तर, सभागृहात एकदा जाऊन पाहून यावे का? गॅलरीत नागरिकांना बसता येते." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी जणू परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका मागितली होती. "तोंड पाहायचं नाही, शास्त्रीबुवा."

निकाल लागला. उत्तीर्ण होण्यास साठ टक्के आवश्यक होते. बहुतेकांना बारापैकी नऊ, दहा असे गुण पडले. सर्वप्रथम आले बाळाशेठ, बारापैकी अकरा. हे बांधकाम व्यावसायिक गृहस्थ एकाही सभेला गैरहजर नव्हते, कारण सभागृहाचे वातानुकूलन त्यांच्या प्रकृतीला मानवत असे. अनुत्तीर्ण झाली एकच व्यक्ती, कुंदाताई केणी. बारापैकी सात, म्हणजे अठ्ठावन्न टक्के आणि वर काही अपूर्णांक. मैदानाच्या विषयाला त्या गैरहजर आणि त्याच दिवशी पुढे आलेल्या चार विषयांनाही गैरहजर.

गोगटे म्हणाले, "मास्तर, दीड टक्क्यासाठी बाईमाणसाला..."

"कृपागुण नाहीत," मास्तर म्हणाले.

मी शेरा लिहिला, 'कर्तव्यपराङ्मुख'. शब्द लिहून झाल्यावर तो मला फार आवडला होता, हेही नमूद करतो.

निकालाची पुस्तिका ज्येष्ठ नागरिक संघात प्रकाशित झाली. दोन वर्तमानपत्रांनी तक्ता छापला. तिसऱ्या दिवशी स्थानकाबाहेर वीस फुटी फलक लागला. त्यावर बाळाशेठ हात जोडून उभे होते आणि खाली अक्षरे होती, 'लोकपरीक्षेत सर्वप्रथम'. चौथ्या दिवशी ते स्वतः पेढे घेऊन मास्तरांकडे आले. मास्तरांनी व्रताला जागून भिंतीकडे तोंड केले. परंतु निकाल लागल्यावर परीक्षार्थी हा परीक्षार्थी राहत नाही, असे सुमनताईंनी पटवल्यावर ते वळले.

"मास्तर, तुमी आमाला वर काढलंत," बाळाशेठ म्हणाले. "कुठल्या विषयाला काय मत दिलं ते आपल्याला काय आठवत नाय. पन तुमी सगळं लिहून ठेवलंत. असा मानूस पायजे."

"तुमचा एक गुण गेला," मास्तर म्हणाले. "मैदानाच्या प्रश्नात."

"कुठलं मैदान?"

"तलावाकाठचं. आरक्षण उठवण्याचं."

बाळाशेठांनी क्षणभर विचार केला आणि मोकळेपणाने हसले. "अच्छा, आपलं कॉम्प्लेक्स होय. टेन्शन घेऊ नका मास्तर. पुढच्या वर्षी तो पन मार्क काढू. तुमचा क्लास असेल तर सांगा, पोरांना पाठवतो." असे म्हणून त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून मोबाइलवर छायाचित्र काढून घेतले आणि निघून गेले. 'आपलं कॉम्प्लेक्स' हे शब्द मी ऐकले, मास्तरांनीही ऐकले. मास्तरांनी एक पेढा खाल्ला आणि म्हणाले, "सात. साखर जास्त आहे."

त्यानंतर दोन दिवसांनी भर दुपारी कुंदाताई केणी आल्या. पन्नाशीच्या, सावळ्या, उंच. हिरवी साडी, कपाळावर मोठे कुंकू, हाती ती पुस्तिका गुंडाळी करून धरलेली. सुमनताईंनी दिलेले पाणी त्या उभ्यानेच प्यायल्या. मी तिथेच होतो.

"मास्तर, मी कुंदा केनी. तुमी मला नापास केलंत."

"मी केलं नाही. तुम्ही पाच विषयांना गैरहजर होतात," मास्तर खिडकीकडे पाहत म्हणाले.

"हिकडं बघून बोला ना. मी काय भूत हाय?"

"परीक्षकाने तोंड पाहू नये."

"बरं, नका बघू. कानानी ऐका. यादी उद्या जातेय वरती, निवडनुकीची. पक्षाचे लोक बोलतात, कुंदाताई, नापास बाईला तिकीट कसं देनार, छापून आलंय. पंधरा वर्षं काम केलं मी. कोनी कवा बोट नाय दाखवलं. तुमच्या या कागदानी माझं तिकीट जातंय, आनि मी गेले की त्या मैदानासाठी आत बोलायला कोन नाय. म्हनून आले."

"गैरहजेरीचं कारण असेल तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. विहित नमुन्यात."

"कुठं हाय तुमचा नमुना?"

नमुना नव्हता. मास्तरांनी तो तिथल्या तिथे वहीच्या पानावर आखून दिला. कुंदाताईंनी मेजावर वाकून तो भरला. 'गैरहजेरीचे कारण' हा रकाना त्यांनी कोरा ठेवला. मग पुस्तिका उघडून आपल्या नावापुढच्या शेऱ्यावर बोट ठेवले.

"हा शब्द कोनी लिवला?"

मास्तरांनी पेन्सिलीने माझ्याकडे निर्देश केला.

"बुवा, याचा अर्थ काय?"

"कर्तव्याकडे पाठ फिरवणारी," मी सांगितले.

"पाठ फिरवली, ते खरं हाय," त्या म्हणाल्या. "महापौराकडं फिरवली." आणि त्यांनी मोबाइल काढला. त्या दिवशी गॅलरीत बसलेल्या कुणीतरी सभेचे चित्रण केले होते, ते त्यांनी लावले. मास्तरांनी तत्क्षणी डोळे मिटले. म्हणून पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

पडद्यावर सभागृह दिसत होते. महापौरांनी मैदानाचा विषय वाचला आणि कोणी काही बोलण्यापूर्वीच "मंजूर?" असे विचारले. बाकांवरून 'मंजूर' असा कल्लोळ उठला. त्यात कुंदाताई उभ्या राहिल्या, एक हात वर. "माझा विरोध हाय. मतं मोजा. कोन कुठल्या बाजूला ते नोंद करा." महापौर म्हणाले, "ताई, बसा, आवाजी मतदान झालंय." त्या पुन्हा म्हणाल्या, "मोजा." तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा त्यांच्यापुढचा ध्वनिक्षेपक बंद करण्यात आला. "सर्वानुमते मंजूर, पुढचा विषय," असे महापौर म्हणाले. तेव्हा कुंदाताई कागद बाकावर टाकून चालत्या झाल्या. त्यांच्या मागच्या रांगेत एक गृहस्थ मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून झोपले होते. ते लोकपरीक्षेत सर्वप्रथम आलेले बाळाशेठ होते.

हे सर्व मी जसे दिसले तसे मास्तरांना सांगितले. सांगण्याची फारशी आवश्यकता नव्हती. डोळे मिटता येतात, कानांना तशी सोय नाही. 'मोजा, मोजा' हा आवाज त्या लहान खोलीत तीन वेळा घुमला होता.

"मी पेपर लिवला होता, मास्तर," कुंदाताई म्हणाल्या. "त्यांनी हातातून घेऊन फाडला. तुमी नुसता फाडनाऱ्याचा कागद तपासला."

मास्तरांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे प्रथमच सरळ पाहिले. अर्ज जवळ ओढून त्यांनी कारणाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'परीक्षार्थी हजर होती'. मग तक्ता उलगडला. सातचे आठ केले. आठ म्हणजे सहासष्ट टक्के. कुंदाताई उत्तीर्ण झाल्या. ते त्यांनी मोठ्याने जाहीर केले आणि मग त्यांची नजर त्या तक्त्यावर तशीच खिळून राहिली. वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे एकच उत्तर.

"शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "मी बारा वर्षं नियामक होतो. अख्ख्या वर्गाचं उत्तर शब्दाशब्दाने एकच असलं तर आम्ही ते परीक्षा केंद्र रद्द करत होतो. हा गठ्ठा माझ्या मेजावर तीन आठवडे पडला होता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "यांच्यातल्या एकाचंही मत मला ठाऊक नाही. मी फक्त हजेरी मोजली. तीही झोपलेल्यांची."

दुसऱ्या दिवशी मंडळाची तातडीची बैठक झाली. मास्तरांनी मांडले की परीक्षा रद्द करावी, तसे वर्तमानपत्रांना कळवावे आणि आजच कुंदाताईंच्या पक्षाला पत्र द्यावे. गोगटे हादरले. "मास्तर, मंडळाच्या विश्वासार्हतेचं काय? पहिल्याच वर्षी आपणच आपला निकाल फिरवला तर पुढच्या वर्षी कोण विचारील? एक मधला मार्ग काढू. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत शुद्धिपत्र छापू. शेवटच्या पानावर."

"पुढच्या वर्षी तोवर निवडणूक झालेली असेल."

"हो, पण शुद्धिपत्र निघेल ना."

ठराव मताला टाकण्यात आला. गोगटे म्हणाले, "तर मग शुद्धिपत्र पुढच्या वर्षी, मंजूर?" चहाला येणारे दोघे म्हणाले, "मंजूर." मी काही बोललो नाही. मला वाटले, मास्तरांना दुखवू नये आणि गोगट्यांनाही दुखवू नये. माझ्या आयुष्यातील बहुतेक मौने याच जातीची आहेत. गोगट्यांनी कार्यवृत्तात लिहिले, 'सर्वानुमते'. ते वाचून मास्तरांनी अध्यक्षपदाचा राजीनामा त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला.

मग ते एकटेच कुंदाताईंच्या पक्षाच्या कार्यालयात गेले. स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र होते, आपली चूक झाली, कुंदाताईंचे मत नामंजूर असेच होते, त्यांना अनुत्तीर्ण ठरवणे हा आपला अपराध आहे. दोन तास बाकावर बसल्यावर एका पदाधिकाऱ्याने पत्र वाचले आणि फार आदराने म्हटले, "सर, तुमच्यासारखे लोक समाजात पाहिजेत. पण यादी सकाळीच गेली. आणि खरं सांगू का, पत्र छापून आलेलं नाही. पुस्तिका छापून आली."

कुंदाताई अपक्ष उभ्या राहिल्या. प्रचाराचे दहा दिवस मास्तर सकाळ-सायंकाळ त्यांच्या प्रभागात दारोदार फिरत होते. बेल वाजवायची, दार उघडले की सांगायचे, "मी कुरणे. निकाल मीच लावला होता. तो चुकीचा होता." कोणी पाणी देत, कोणी दार लावून घेत. एका तरुण गृहिणीने विचारले, "आजोबा, मग बरोबर कोण?" मास्तर म्हणाले, "ते तुम्ही तपासा. मी आता कोणाला गुण देत नाही." समोरच्या फलकावर बाळाशेठ 'लोकपरीक्षेत सर्वप्रथम' होतेच.

कुंदाताई हरल्या. बाळाशेठ निवडून आले. मी कुंदाताईंना भेटून क्षमा मागितली. त्या दारात गवार मोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बुवा, तुमचा शब्द चांगला होता. आमच्यात तेवढ्या लांब शिव्या नाय."

नवे सभागृह बसले आणि मैदानाचा विषय अंतिम मंजुरीसाठी आला. मास्तरांनी मला बरोबर येण्यास सांगितले. कुंदाताईंनाही विचारले होते, त्या म्हणाल्या, "मी कशाला येऊ? बघायला? बघितलंय ते मी." म्हणून आम्ही दोघेच गेलो. गॅलरीत चार-पाच माणसे विखुरलेली होती. मास्तर कठड्याला टेकून खाली पाहू लागले. ज्यांची तोंडे न पाहता त्यांनी टक्के काढले होते ती सर्व तोंडे खाली मांडलेली होती. कोणी सुका मेवा खात होते, कोणी मोबाइलवर काही पाहून हसत होते, विषयपत्रिकांचे गठ्ठे दोरी न सोडता बाकांवर पडले होते. मास्तरांच्या हाती कागद नव्हता.

महापौरांनी विषय वाचला. "मंजूर?"

"मंजूर," सभागृह म्हणाले.

माझ्या शेजारी मास्तर उभे राहिले. हात वर केला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "नामंजूर. मोजा."

बाळाशेठ जागे झाले, वर पाहिले, मास्तरांना ओळखले आणि हात जोडून नमस्कार केला. महापौर म्हणाले, "आजोबा, तुम्हाला इथे मत नाही. खाली बसा."

"ठाऊक आहे. मोजा."

मी उठलो नाही. ठरावाचे पुढे काय झाले ते मी नंतर इतिवृत्त मागवून वाचले. विषय सर्वानुमते मंजूर झाला होता आणि गॅलरीतील कोणत्याही घटनेचा त्यात उल्लेख नाही. पण त्या क्षणी मी बसून होतो आणि माझ्या उजव्या हाताशेजारी मास्तरांचे धोतर हलत होते, एवढेच मला दिसत होते.

दोन सुरक्षारक्षक आले. ते सभ्य होते. त्यांतील एकाने मास्तरांचा डावा कोपर धरला आणि म्हणाला, "चला काका, सावकाश. पायऱ्या आहेत." मास्तर विनातक्रार पायऱ्या चढू लागले. उजवा हात वरच होता. गॅलरीचे दार अरुंद आणि ठेंगणे होते. रक्षक म्हणाला, "काका, हात खाली घ्या, चौकटीला लागेल." मास्तर थांबले, दाराकडे पाहिले, गुडघे वाकवले, अंग तिरके केले आणि हात तसाच वर ठेवून बाहेर गेले.